गुणवंताचं नाव काढू नका

१९ जानेवारी १९८६, सौसर

ही डायरी विनायकच्या रंगाच्या दुकानातून आली. दरसाली कॅलेंडर देते, औंदा डायरी देल्ली. कागद पाहा कसा, पिवळट, जुन्या पेपरसारखा. फुकटची वस्तू म्हणून कचरा माथी मारते. पण आज लिहायसारखी गोष्ट झाली, म्हणून लिहून राह्यलो.

वस्तीतल्या नव्या विहाराची भिंत मले भेटली. समितीचे अध्यक्ष वामन मास्तर सकाळी स्वतः घरी आले, जयभीम केला अन् म्हणे, "मोतीराम, समोरची बंदी भिंत तुही, सगळीच्या सगळी. मधात बुद्ध, उजवीकडे बाबासाहेब, खाली आपली माणसं. चौदा एप्रिलले उद्घाटन."

आतापर्यंत मी काय रंगवलं? हॉटेलचे बोर्ड, ट्रकचे पल्ले, संत्र्याच्या पेट्यांवरचे छाप, लग्नघरच्या भिंती. सगळं पुसलं जाते. पाऊस पुसते, नाही तं नवा मालक पुसते. विहाराची भिंत कोणी पुसत नाही. मी मेल्यावर माही नातवंडं तिथं हात जोडायले जातील अन् म्हणतील, हे आमच्या आज्यानं काढलं. मले एवढंच पाहिजे.

मास्तरनं एक खोट काढलीच. म्हणे, "तो पांढुर्ण्याचा गुणवंता सोबत पाहिजेच काय? आपलं विहार आहे, आपल्याच हातानं होऊ दे." मी तोंडावर सांगितलं, गुणवंता येईल तं मी येईन. त्या माणसानं बापाचं संत्र्याचं वावर सोडलं, माह्या घरी जेवते म्हणून त्याच्या भावकीनं त्याले पंगतीतून उठवलं, तरी तो माह्या घरी जेवायचा थांबला नाही. अन् जवानीपासून आमची वाटणी ठरलेली आहे. रेघ माही, माणसं माही, तोंडं माही. वेली, कमळं, किनार, आभाळ त्याचं. त्यानं माह्या माणसाले हात लावायचा नाही, मी त्याच्या वेलीले नाही. म्हणून टिकलो. नाही तं दोन पेंटर एका भिंतीवर टिकतात काय?

मास्तर चहा पिऊन गेले.

२७ जानेवारी

गवंड्यानं चुना मारला तो पिवळा. हळदीचं घर आहे काय हे? गवंडी म्हणे, "काका, दुधासारखी पांढरी आहे." मी त्याची आई-बहीण काढली. गुणवंतानं त्याले बाजूले नेलं, काहीतरी कुजबुजला, मंग येऊन मले म्हणे, "हाव मोतीभाऊ, पिवळी वाटते थोडी. अजून एक हात मारतो."

मारला. तरी पिवळीच. चुनाच भेसळीचा आहे. गुणवंताचा मले हाच राग येते. भांडायची वेळ आली का हा "हाव, हाव" करते. अबे, माह्या बाजूनं जरा ओरड ना!

६ फेब्रुवारी

आज रेघ उतरली. बुद्धाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत कोळसा एकदाही उचलला नाही. विहारात काम करणारे लोकं हातातली घमेली ठेवून पाहत राह्यले. वामन मास्तर म्हणे, "मोतीराम, तुह्या हातात काय आहे कोणाले माहीत." गुणवंता मागं उभा होता. तो किती वेळ हालला नाही. जळत असेल. माणूस आहे, जळणारच.

१५ फेब्रुवारी

बाबासाहेबांच्या कोटाले हात घातला अन् डोकं फिरलं. निळा डबा उघडला तं आत काजळी. गुणवंताले म्हटलं, हा काय निळा आहे बे? निळा म्हणजे आमच्या वस्तीत नुसता रंग नाही. त्या रंगाखाली आम्ही माणसं झालो. तू हा डांबरासारखा रंग आणून ठेवला?

तो माह्याकडे पाहत राह्यला. माह्याकडे, डब्याकडे नाही. मंग म्हणे, "बदलून आणतो." आणला. तोही तसाच. मी त्यात पांढरा टाकला, अजून टाकला, तेव्हा कुठं जरा जीव आला.

वर आज त्यानं काय करावं? सगळ्या डब्यांवर पांढऱ्या रंगानं मोठमोठे नंबर टाकले. एक म्हणजे निळा, दोन म्हणजे हिरवा, असं. मी म्हटलं, मी काय अंगठाछाप आहे? म्हणे, "माह्यासाठी टाकले. मीच इसरतो आजकाल." खोटारडा. हा काही इसरत नाही. माही एक शिवी इसरला नाही आजपर्यंत.

२ मार्च

लाइटवाल्यांनी व्होल्टेज मारून टाकलं. संध्याकाळी विहारात बल्ब लावला तं त्याच्याभोवती नुसतं धुकं. बसच्या समोरच्या लाइटांनी तं रस्त्यात उभं राहायची सोय नाही.

जेवताना सुशीला म्हणे, "मोहगावले डोळ्याचा कॅम्प आहे पुढच्या महिन्यात. जाता काय?"

"तुले कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ऐकलं."

माहा मामा असाच कॅम्पात गेला होता अन् काठी घेऊन आला. मी तिच्या हातातली सुई घेतली अन् चष्म्याशिवाय दोरा ओवून दाखवला. पाच सालाआधी मले जमत नव्हतं, आता चटकन जमते. म्हटलं, म्हातारपणी ज्याचे डोळे सुधारले असा माणूस पाह्यला काय तू? ती भांडी घासायले गेली.

९ मार्च

काहीतरी भानगड आहे. काल मी बुद्धाच्या गालाले जो रंग लावून गेलो तो आज तसा नव्हता. कोटही काल संध्याकाळी आसमानी होता, सकाळी पाह्यलं तं गडद. मी गुणवंताले विचारलं. म्हणे, "वाळल्यावर रंग बदलते, मोतीभाऊ." जसा काही मी काल ब्रश धरला! हिरामण, माहा पुतण्या, तिथंच होता. तो म्हणे, "काका, हा पहिल्या बसनं येते. तुम्ही यायच्या आधी हा तास-दीड तास एकटाच असते आत."

११ मार्च

आज सापडला.

चहा न पिताच गेलो. हा फळीवर उभा, हातात ब्रश, अन् ब्रश बाबासाहेबांच्या कोटावर. माह्या कोटावर!

"काय करून राह्यला बे?"

जागीच थिजला. "थोडा रंग फाटला होता. सारखा करून राह्यलो."

"माह्या माणसाले हात लावला तू?"

"हाव."

"काऊन?"

त्यानं दाराकडे पाह्यलं. हिरामण अन् दोन-चार पोट्टे आले होते, मागून वामन मास्तर. म्हणे, "मोतीभाऊ, तुले एकट्यात सांगतो."

"एकट्यात काऊन? इथंच बोल!"

"एकट्यातच सांगीन."

माहं डोकं सणकलं. सरळ म्हटलं, "मी सांगतो काऊन. इतके साल आमचं खाल्लं, पण आमचा निळा तुले सहन होत नाही. पोटात तुह्या तेच आहे जे तुह्या भावकीच्या पोटात आहे. बाबासाहेबांचा कोट तुह्या डोळ्यात खुपते, म्हणून रोज सकाळी येऊन काळा करते तू."

तो फळीवरून खाली उतरला. तोंड पांढरंफटक. "मोतीभाऊ, हे शब्द वापस घे."

"नाही घेत."

मास्तर म्हणे, "गुणवंता, तुले काही सांगायचं असेल तं सांग." त्यानं माह्याकडे पाह्यलं, अन् मान हालवली, नाही म्हणून. ब्रश घासलेटात धुतले, फडक्यात बांधले, अन् निघाला. हिरामणनं त्याची थैली रस्त्यावर फेकली. त्यानं उचलली, झटकली, गेला.

मले आता मोकळं वाटते. काट्यासारखा माणूस होता तो.

१२ मार्च

आमच्या दोघांच्या धंद्याच्या बोर्डावरचं गुणवंताचं नाव हिरामणनं काळ्या रंगानं झाकलं. मी उभा राहून झाकून घेतलं. मंग घासलेट घेतलं अन् डब्यांवरचे त्याचे ते नंबरही पुसून टाकले. त्याच्या हाताची एक निशाणी नको मले.

सुशीला म्हणे, "त्याले एकदा विचारा तं सही, एकट्यात काय सांगणार होता."

मी ताट सरकवलं. सांगून टाकलं, या घरात गुणवंताचं नाव काढू नका.

२१ मार्च

विनायक सांगत होता, गुणवंताले पांढुर्ण्यात कोणी बोर्ड देऊन नाही राह्यलं. दुकानदार म्हणतात, नको बाबा, सौसरची भानगड आमच्या दारात नको. भावकी म्हणते, गेला होता ना तिकडे जेवायले, आता भोग. म्हणजे इकडेही नाही अन् तिकडेही नाही. विनायकले म्हटलं, मले काऊन सांगते? तो म्हणे, "तुम्ही जुने सोबती म्हणून." तो अजून काही बोलणार होता, पण मी निघालो.

मले वाईट वाटलं काय? नाही. थोडं वाटलं. पण त्यानं काम केलं तेच तसं.

२ एप्रिल

भिंतीसमोर चादरी बांधल्या. म्हटलं, उद्घाटनापर्यंत कोणी आत डोकवायचं नाही, मास्तरही नाही. सारखं येऊन पाहतात अन् तोंड वाकडं करून जातात, मले सहन होत नाही.

किनार मी स्वतः काढली. वेल आहे का गांडूळ, काही समजत नाही. ते काही मर्दाचं काम नव्हतंच.

पण आज मोठी गोष्ट झाली. फळीखाली गुणवंताचा एक डबा राहून गेला होता. बाहेरून पूर्ण माखलेला, झाकण दिसत नाही. उघडला अन् आत काय? निळा! खरा, जिता, झगझगीत निळा. मले ती काजळी देत होता अन् हा लपवून ठेवला होता. आता तं सबूतच भेटलं. बंदा कोट पुन्हा रंगवला, वरपासून खालपर्यंत दोन हात. मागं सरकून पाह्यलं अन् डोळ्यात पाणी आलं. माह्या आयुष्यात असा कोट झाला नाही.

१४ एप्रिल

लिहायले हात होत नाही. पण लिहितो.

सकाळी मिरवणूक आली, निळे झेंडे, बँड, बाया पांढऱ्या साड्यांत. रामाकोन्याहून, लोधीखेड्याहून लोकं आले होते. मास्तरनं वंदना घेतली अन् मले म्हणे, "मोतीराम, तूच सोड." मी दोरी ओढली. चादरी खाली पडल्या.

बँड थांबला. कोणी टाळी नाही वाजवली. मले वाटलं, लोकं भारावले.

यमुनाबाई वस्तीतली सगळ्यात म्हातारी. ती समोर बसली होती. ती म्हणे, "मोतीराम, बाबासाहेबांचा कोट हिरवा काऊन केला रे बापा?"

मी हासलो. म्हटलं, "आजी, तुह्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला."

कोणी हासलं नाही. मी मास्तरकडे पाह्यलं. मास्तर हळूच म्हणे, "हिरवाच आहे, मोतीराम."

मले वाटलं, हे सगळे मिळून माही मस्करी करून राह्यले. मी भिंतीकडे पाह्यलं. निळा होता. मले निळाच दिसत होता. तेवढ्यात हिरामण ओरडला, "त्यानं डबे बदलले! जाता जाता गुणवंतानं डबे बदलले!"

बंदी वस्ती माह्याकडे पाहून राह्यली होती. बाया, पोरं, लोधीखेड्याचे पाव्हणे. अन् मी म्हटलं, "हाव. त्यानंच बदलले."

पोट्टे ट्रक काढायले धावले, पांढुर्ण्याले जातो म्हणून. मास्तर दारात आडवे झाले. "आज जयंती आहे. आज कोणाच्या दारात कोणी जाणार नाही. येत्या रविवारी बैठक. मोतीरामनं समोर सांगावं, मंग पोलिसात देऊ." चादरी पुन्हा बांधल्या. लोकं न जेवता गेले. इतका स्वयंपाक तसाच राह्यला.

 घरी आल्यावर सुशीलाले विचारलं, तुले कोणता दिसला? म्हणे, "हिरवा."

१५ एप्रिल

दोन्ही डबे घेऊन विनायकच्या दुकानात गेलो. म्हटलं, तुही साक्ष लागेल रविवारी. हे पाहा, हा लपवलेला खरा निळा. अन् हा तुह्या दुकानातला खोटा, काळा.

विनायकनं दोन्ही उघडून पाह्यले. मंग आतून दोन नवे डबे आणले, माह्यासमोर फोडले. झाकणं माह्या हातात देल्ली. म्हणे, "आत पाहा, मंग झाकण वाचा, मोतीरामभाऊ."

आत पाह्यलं. एक काळपट, एक झगझगीत निळा. झाकणं वाचली. काळपट होता त्याच्यावर निळा लिहिलं होतं. झगझगीत होता त्याच्यावर हिरवा.

मी झाकणं उलटीपालटी करून पाह्यली. म्हटलं, कंपनीनं चुकीची लावली असतील. विनायक म्हणे, "औंदाचं नाही, मागच्या पोळ्यापासून गुणवंताभाऊ मले सांगून गेले होते. मोतीभाऊ आला तं डब्यावर मोठा नंबर टाकून देजो. मले वाटलं, तुम्हाले माहीत आहे."

मागच्या पोळ्यापासून.

रस्त्यानं येताना मले राग आला. डोळ्याचा नाही. त्या हरामखोराले माहीत होतं अन् त्यानं मले सांगितलं नाही, याचा. मी रेघा मारत, छाती फुगवत फिरलो, अन् हा मागून माहं तोंड पुसत फिरला, लेकरासारखं. मी मागितलं होतं काय? मोठं मन दाखवायले मीच सापडलो काय याले?

१६ एप्रिल

सकाळच्या बसनं पांढुर्ण्याले गेलो, भांडायले.

गुणवंता अंगणात बसून संत्र्याच्या पेटीवर छाप मारत होता. छाप! पोट्टे करतात ते काम. त्याची बायको शोभा दारातच म्हणे, "आता काय राह्यलं न्यायचं?" पाणी नाही विचारलं.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "तुले माहीत होतं?"

"हाव."

"पोळ्यापासून?"

"त्याच्याही आधी शंका होती. पोळ्याले तू त्या ट्रकवर मोर काढला, आठवते? मोराची मान हिरवी केली अन् पिसारा मातकट. मी रात्रीतून करून घेतला."

"अन् त्याच्यानंतर बंदं काम तू करत होता?"

"रंग."

"बुद्धाचं तोंड?"

"रंग माहा."

"लोकं मले वाहवा देत होते अन् तू मागं उभा राहून हासत होता!"

तेव्हा तो उठला. इतक्या सालात मी त्याले असं उठताना पाह्यलं नाही. छाप फेकला. "हासत होतो? मी तुह्या रेघेकडे पाहत होतो, बयताडा! डोळे गेले तरी रेघ तशीच्या तशी येते तुले, हे पाहत होतो. मले रेघ येत नाही. कधीच नाही आली. मी वेली काढतो कारण मले माणूस काढता येत नाही. तुले सांगितलं असतं तं तू त्याच दिवशी ब्रश ठेवला असता, मी ओळखतो तुले. मंग मी काय केलं असतं? पेट्यांवर छाप मारले असते. आता मारून राह्यलो तसे."

"मंग त्या दिवशी काऊन नाही बोलला? विहारात? मी इतकं वाईट बोललो."

"त्या पोट्ट्यांसमोर सांगू का तुले दिसत नाही म्हणून? दुसऱ्या दिवशी कोणी काम देल्लं असतं तुले?"

मी म्हटलं, "मी जयंतीले सांगितलं लोकांना. तू डबे बदलले म्हणून."

"माहीत आहे. बातमी आली इथं. भावकीवाले काठ्या घेऊन बसले होते दारात, माह्यासाठी नाही, त्यांना निमित्त पाहिजे होतं." तो जवळ आला. "एक ऐक, मोतीभाऊ. मी तुहं झाकलं. आता नाही झाकत. माह्या दोन पोरी आहेत लग्नाच्या. बाप बाबासाहेबांच्या फोटोले बट्टा लावणारा म्हणून त्यांनी कुठं जावं? रविवारी तू जे बोलशील त्याच्यावर आहे. खरं सांगशील तं मी येईन. नाही सांगशील तं हे दार तुह्यासाठी मेलं."

शोभानं दार लावलं. मी स्टँडवर येऊन बसलो. बस आली, भरून गेली. दुसरी आली तेव्हा चढलो.

१८ एप्रिल

सांगितलं तं काय उरते माह्यापाशी? आंधळ्या पेंटरले कोण बोर्ड देईल? पोट्टे रस्त्यानं हासतील. नातवंडं म्हणतील, आमच्या आज्यानं बाबासाहेबांचा कोट हिरवा केला. नाही सांगितलं तं गुणवंताले पोलीस नेतील. जाऊ दे, सुटेल दोन दिवसांत. त्यानं मले फसवलंच ना?

हे वर लिहिलं ते सुशीलाले वाचून दाखवलं. ती म्हणे, "सुटल्यावर त्याच्या पोरींचं काय?"

मी म्हटलं, माहं डोकं खाऊ नको.

२० एप्रिल

बैठक विहारातच झाली. चादरीमागं भिंत, समोर वस्ती. मास्तर म्हणे, "बोल, मोतीराम."

मी म्हटलं, "गुणवंतानं काही केलं नाही. कोट मी हिरवा केला. मले निळा दिसत नाही. तो माह्या चुका सुधरत होता, मी त्याच्यावर आळ घेतला."

मले वाटलं होतं शिव्या पडतील. झालं उलटंच. हिरामण उठला, "काका, तुमचं मन मोठं आहे म्हणून तुम्ही त्याले वाचवून राह्यले. पण आम्ही नाही सोडणार." बाकीचे म्हणे, हाव, हाव. एक तं म्हणे, "सुईत दोरा ओवते हा माणूस, याले दिसत नाही कसं?" मीच वस्तीभर सांगत फिरलो होतो ते.

मी ओरडलो, खरंच सांगून राह्यलो. कोणी मानेना. वामन मास्तरही म्हणे, "मोतीराम, जुना दोस्त आहे, समजते आम्हाले."

म्हणजे मी केलेला खोटा आळ लोकांना पटला अन् खरं पटेना! मंग मी हिरामणले म्हटलं, जाय, सगळे डबे आण. झाकणं काढ. ठेव माह्यासमोर.

डबे मांडले. मी म्हटलं, विचारा. हिरामणनं एकावर बोट ठेवलं.

"काळा," मी म्हटलं.

त्यानं दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"निळा."

मागं कोणी पोरगी फिसकन हासली, तिच्या आईनं तिले दाबलं. तिसरा डबा.

"हा पण काळा. नाही, थांब. जांभळा."

"काका, बस," हिरामण म्हणे.

"पुढचा दाखव."

"काका, बस ना!"

"दाखव म्हटलं ना बे!"

लाल बरोबर आला. पिवळा बरोबर आला. पांढऱ्याले मी पिवळा म्हटलं. यमुनाबाईनं पदर तोंडाले लावला. मास्तर म्हणे, "पुरे, मोतीराम, पटलं आम्हाले," पण मी थांबलो नाही, सगळे डबे संपेपर्यंत सांगत गेलो, अन् प्रत्येक डब्याले माहा एक-एक बोर्ड माणसांसमोर उतरून राह्यला होता. माही बायको मागच्या रांगेत बसून पाहत होती. तिनं डोळे खाली नाही केले.

शेवटी हिरामणनं एक डबा उचलून माह्या हातात देल्ला.  "हा निळा आहे, काका. हा." मी आत पाह्यलं. काजळी.

मी त्याले म्हटलं, पांढुर्ण्याले जाय. तूच जाय. ज्या हातानं थैली फेकली त्या हातानं घेऊन ये.

२३ एप्रिल

गुणवंता आला. विहाराच्या दारात बंदी वस्ती उभी. मास्तर हात जोडून पुढं झाले. त्यानं त्यांना जयभीम केला, हिरामणच्या खांद्यावर हात ठेवला, माह्याशी बोलला नाही. भिंतीसमोर गेला. कोट पाह्यला, मंग माही किनार पाह्यली, अन् म्हणे, "हे काय गांडूळ काढून ठेवले?" लोकं हासले. मीही हासलो असतो, पण राग आला.

त्यानं चुन्याचा हात मारून हिरवा झाकला. झाकताना माही रेघही गेली. वाळल्यावर कोळसा माह्या हातात देल्ला अन् मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणे, "याले निळा दिसत नाही, म्हणून निळा मी भरीन. पण मले रेघ येत नाही, म्हणून रेघ हा काढते. ज्याले चालत नसेल त्यानं आत्ताच सांगा."

भर वस्तीत म्हणे. माहे कान तापले.  यमुनाबाई म्हणे, "काढ रे मोतीराम, दिवस बुडायच्या आत."

मी फळीवर चढलो. पिवळ्या भिंतीवर काळा कोळसा मले चांगला दिसते. खांद्यापासून सुरू केली, बाहीपर्यंत आणली, पुस्तक धरलेल्या हाताशी वळवली. मागं पाह्यलं नाही, पण गुणवंताचा श्वास ऐकू येत होता. रेघ संपली. मीच विचारलं, "कशी आहे?"

"खांदा दोन बोटं खाली घे."

"काऊन? बरोबर आहे खांदा!"

"नाही बरोबर. इतके साल बोललो नाही. आता बोलीन."

मी कोळसा फेकणार होतो. सुशीला खाली उभी होती, मोहगावच्या डोळ्याच्या कॅम्पाची चिठ्ठी हातात धरून. मी खांदा पाह्यला. साल्याचं बरोबर होतं. ओल्या फडक्यानं पुसला अन् खाली घेतला.